तोटीवरचं कुंकू

मित्रांनो, मी तळवड्याचा एक जुना फर्मेंटर आहे. नाव ऐकून दचकू नका. तुमच्या घरी इडलीचं पीठ फुगतं ना, त्याच जातीचं काम मी करतो, फक्त फार शिस्तीत. माझ्या पोटात यीस्ट नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवतात आणि त्यांच्याकडून औषधाला लागणारा माल करून घेतात. उंचीने मी घरातल्या फ्रिजएवढा, अंगाने स्टीलचा आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, जरा सोवळाच. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की माझा अख्खा घाणा, म्हणजे एका वेळचा सगळा माल, नासतो.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमधला. तिथे मला वाकवलं, जोडलं आणि आतून इतकं घासलं, की कारागिराला माझ्या पोटात स्वतःचं तोंड दिसू लागलं. पुढे चाकणच्या एका कंपनीत मी ऐन उमेदीची वर्षं काढली. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी माझ्यापाशी आणायचे. मग माझ्यापेक्षा मोठे, चकचकीत भाऊबंद आले आणि मी मागच्या शेडमध्ये गेलो. माझ्या तोटीला लोक हेल्मेट अडकवू लागले. एक मांजरीण माझ्या पायाशी व्याली, तेवढीच काय ती सोबत. आपला उपयोग संपला हे कळायला फार वेळ लागत नाही, ते मानायला लागतो.

शेवटी तळवड्याच्या एका प्रशिक्षण केंद्राने मला उचललं. इथे विज्ञान शिकलेल्या मुलामुलींना औषधकंपनीतलं प्रकल्प व्यवस्थापन शिकवतात. म्हणजे कोणी, काय, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर करायचं हे ठरवायचं, आणि ठरलेलं बिघडलं तर सावरायचं. शिकवणाऱ्या साधना मॅडम दर नव्या तुकडीला माझ्या अंगावर हात ठेवून सांगतात, "गाडीचा एखादा भाग आज राहिला तर उद्या बसवता येतो. हे यीस्ट उद्याची वाट बघत नाही. त्याला भूक लागली की लागली. तुमची आखणी त्याच्या घड्याळाने चालणार, तुमच्या नाही."

त्या तुकडीत वर्षाली होती. राहायला पिंपळे गुरवला. वडील उद्धवराव मूळचे बीडकडचे, चाकणला पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला. पोरगी बीएस्सी झाली खरी, पण दोन वर्षं औषधाच्या गोळ्यांची खोकी भरत कंत्राटी शिफ्ट करत होती. रजा टाकून, घरच्यांना कसंबसं पटवून ती इथे आली होती. चाकणच्या एका नव्या कंपनीला प्रकल्पाचं काम बघायला एकच माणूस हवा होता. शेवटच्या परीक्षेत ज्याचं काम पसंत पडेल त्याला ती नोकरी. नाहीतर सोमवारपासून पुन्हा खोकी. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे, पण माझ्यासमोर उभी राहून एकटीच पुटपुटायची, तेव्हा मी ऐकलं होतं.

परीक्षा म्हणजे माझ्यातला एक पूर्ण घाणा. प्रमुख वर्षाली, जोडीला तिच्याच तुकडीतला प्रीतम. शेवटच्या दिवशी त्या कंपनीचे निरंजन सर येणार, त्यांच्यासमोर तोटीतून नमुना काढायचा आणि तो स्वच्छ निघाला की माल उतरवायचा. सरांनी दिलेली तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची होती, म्हणजे माझं काम ऐन सुट्टीत चालणार होतं. वर्षालीने फळ्यावर रंगीत पट्ट्या चिकटवून आखणी केली. सुट्टीआधी तोटी वाफेने निर्जंतुक करायची, तिच्या तोंडावर टोपण बसवायचं, बॉयलर बंद करायचा. मग खंडेनवमी आणि दसरा या दोन दिवसांवर तिने एक पांढरी पट्टी लावली आणि लिहिलं, 'सुट्टी. फक्त देखरेख.' आखणी बघून मॅडमनी मान डोलवली. मलाही त्यात खोट दिसली नाही.

मित्रांनो, तुम्ही या भागातले असाल तर तुमच्या लक्षात एव्हाना आलं असेल.

खंडेनवमीला सकाळी बबनराव आले. हे तळवड्याचेच, जुन्या घरातले. पूर्वी शेती करायचे, आता केंद्राचा बॉयलर आणि आम्हा यंत्रांची देखभाल बघतात. त्या दिवशी अंगात इस्त्रीचा सदरा आणि हातात पूजेचं ताट. हळद, कुंकू, झेंडू, नारळ, पेढे. भोसरीपासून चाकणपर्यंत त्या दिवशी लेथला हार पडतात, फोर्कलिफ्टला हार पडतात, माझ्याच कपाळी काय म्हणून उपवास? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेडमधल्या त्या वर्षांत मला कोणी फुलाची पाकळीसुद्धा वाहिली नव्हती.

पण आनंद टिकला नाही. बबनराव कुंकवाचं बोट घेऊन माझ्या तोटीसमोर थांबले. टोपणाकडे बघून म्हणाले, "ह्या टोपणाला कसलं कुंकू? देवाच्या तोंडाला फडकं बांधून कुणी पूजा करतं व्हय?" आणि त्यांनी टोपण काढलं.

मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड आहे ते फक्त आतलं बाहेर सोडायला. त्यांनी तोटीच्या ओठांना हळद लावली, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूच्या फुलाने त्याचं पाणी माझ्यावर शिंपडलं. नारळाचं गोड पाणी म्हणजे जंतूंना पंगतच. पलीकडे संगणकावर आकडे बघत बसलेला प्रीतम उठून आला, त्याने मला हात जोडले, पेढा खाल्ला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांदेखत सगळं झालं आणि त्याला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. नेहमीच्या गोष्टी दिसत नाहीत, हेच तर अवघड असतं. जाताना बबनरावांनी मला ओल्या फडक्याने नीट पुसलं, घाण नको म्हणून. टोपण घट्ट बसवलं. बाहेरून मी लख्ख.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. आत घाणा मस्त रंगला होता, आकडे झकास येत होते. वर्षाली दसऱ्याला येऊन बघून गेली आणि खुशीत परतली. तोटीचा आतला पडदा बंद होता, त्यामुळे अजून पोटात काही शिरलं नव्हतं. पण नमुन्यासाठी तो पडदा उघडला, की तोटीतली घाण नमुन्यात उतरणार आणि उलटी आतही सरकणार.

परीक्षेच्या सकाळी निरंजन सर आले. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "बारा वाजता मला निघावं लागेल." साधना मॅडम भिंतीशी उभ्या राहिल्या. परीक्षा असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता येणार नव्हतं. वर्षालीने हातमोजे चढवले, नमुन्याची बाटली घेतली, माझ्यासमोर वाकली आणि टोपण काढलं.

टोपणाच्या आत लाल ठिपका होता.

तिची पाठ सगळ्यांकडे होती. तो ठिपका दिसला तो फक्त तिला आणि मला. तिने पटकन मूठ मिटली. प्रीतम बाजूला येऊन पुटपुटला, "काय झालं?" तिने मूठ त्याच्यापुरती किंचित उघडली. तो कुजबुजला, "पूजेचं असेल. स्पिरिटने पूस आणि उघड पटकन. जंतू काय आत्ता लगेच दिसणार आहेत? ते उगवेपर्यंत निकाल लागलेला असेल."

त्याचं खोटं नव्हतं. ती तोटी पुसते, पडदा उघडते, सर खूश होऊन जातात, सोमवारी खोकी भरायला जावं लागत नाही. मिटलेल्या मुठीत तिची नोकरीच होती म्हणा ना. स्पिरिटच्या बाटलीपर्यंत तिचा हात गेला. मित्रांनो, त्या वेळी माझा जीव असा टांगणीला लागला होता की पोटातलं यीस्टही थांबलं असेल असं मला वाटलं. ते काही थांबलं नव्हतं, साखर खात सुटलं होतं.

वर्षालीने हात मागे घेतला. ती वळली आणि तिने सर्वांसमोर तळहात उघडला.

"सर, तोटी निर्जंतुक राहिलेली नाही. मी नमुना घेत नाहीये." मग दाराकडे बघून तिने विचारलं, "बबनकाका, परवा पूजा झाली का?"

बबनराव पुढे आले. "व्हय ताई, म्याच केली. टोपण काढलं, पण परत घट्ट बसवलं हाय." बोलता बोलताच त्यांना तिच्या हातातला ठिपका दिसला. "चुकलं का काय माझं?"

"ते नंतर बोलू, काका. बॉयलर पेटवा. तोटी पुन्हा वाफवायची आहे."

"थंडगार पडलाय तो. वाफ व्हायला वेळ लागंल."

तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. आतली साखर संपत आली होती आणि उपाशी यीस्टने केलेला माल बिघडतो. वर्षालीने एकदा फळ्याकडे बघितलं आणि तिथे उपयोगाचं काही नाही हे तिला उमगलं. "प्रीतम, बाहेरच्या भिंतीत थंड पाणी सोड. आतल्या जिवांना गारवा लागला की भूक कमी होईल. पण हळू. फार गारठले तर मेलेच म्हणून समज."

थंड पाणी माझ्या दुहेरी भिंतीतून फिरू लागलं. आत यीस्ट सुस्तावू लागलं. प्रीतम पारा वाचून विचारत होता. "आणखी सोडू?" "थोडं." "आता?" "बस, थांब!" पलीकडे बॉयलरचा काटा हलायला तयार नव्हता. बबनराव त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याला समजावल्यासारखं काहीतरी बोलत होते.

बारा वाजले. निरंजन सर उठले, त्यांनी बॅग उचलली. वर्षालीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "सर, तुम्ही थांबलात तर मला बरं वाटेल. पण तुम्ही गेलात तरी नमुना वाफ मिळाल्यावरच निघेल."

सरांनी घड्याळ पाहिलं. मग फोन कानाला लावून बाहेर गेले. संपलं, असं मला वाटलं. वर्षालीने तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

वाफ आली. ती माझ्या तोटीतून फुसफुसत गेली तेव्हा भाजलं, पण असं भाजून घेण्यात किती सुख असतं ते मला विचारा! तोटी निवल्यावर नमुना निघाला. सूक्ष्मदर्शकाला आधी मॅडमनी डोळा लावला, मग आणखी कोणीतरी वाकलं. निरंजन सर. ते दारातच फोनवर थांबले होते.

"स्वच्छ दिसतोय. पक्कं काय ते तपासणीत कळेलच," ते म्हणाले. "माल थोडा कमी भरेल. चूक कोणाची?"

बबनरावांनी मान खाली घातली. प्रीतम म्हणाला, "सर, मी तिथेच होतो. मला सुचलं नाही."

"चूक माझी आहे," वर्षाली म्हणाली. "मी फळ्यावर सुट्टी लिहिलं. लहानपणी दर खंडेनवमीला पप्पा मला कंपनीत न्यायचे. त्यांच्या प्रेसला गंध मी लावायचे. इथे मशीनची पूजा झाल्याशिवाय राहत नाही हे मला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? पण मला ते काम वाटलंच नाही, म्हणून मी त्याला पट्टी दिली नाही. काकांना कुंकू कुठे चालेल हे सांगायला कोणीतरी हवं होतं. ते मी ठरवायला हवं होतं."

"निकाल कळवतो," म्हणून सर निघाले. वर्षाली घरी गेली ती खोकी भरायची तयारी करूनच. सोमवारी सकाळी ती कंत्राटी कामाच्या बसची वाट बघत असताना तिला नव्या कंपनीतून फोन आला. ती इथे पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा तिने बबनरावांना दिला, म्हणून मला हे कळलं.

जाताना तिने फळ्यावर एक पिवळी पट्टी लावली. ती अजून आहे. 'खंडेनवमी: पूजा. करणार: बबनकाका. जागा: पायाशी.'

यंदाच्या खंडेनवमीला ती वडिलांना घेऊन आली. उद्धवरावांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, लेकीचं बोट जणू याच यंत्राने धरलं होतं अशा मायेने. त्यांनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात थेट माझ्या तोटीकडे नेला.

बबनरावांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"पाव्हणं, तिथं न्हाई. पायाशी लावा."

"आमच्याकडं तर तोंडालाच लावतेत की," उद्धवराव गोंधळून म्हणाले.

"लावत्यात. म्या बी लावलं हुतं," बबनराव म्हणाले. "तुमच्या लेकीची नोकरी जाता जाता ऱ्हायली."

उद्धवराव खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पायाला कुंकू लावलं. ते मी अजून पुसू दिलेलं नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कामांची आखणी कराल. यंत्रांची काळजी घ्या, हे तर मी सांगणारच, मी यंत्रच आहे. पण त्या आखणीत आपल्या माणसांच्या सणालाही एक पट्टी ठेवा. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हार घालायला कधी आलात, तर या, अवश्य या. फक्त टोपण काढू नका.