आधी स्वर, मग तारा

बाहेर वैशाखाचे ऊन टळटळत होते. मिरजेचे रस्ते पांढरेफटक पडले होते, झाडांच्या सावल्या बुंध्यांशी गोळा झाल्या होत्या. आणि आत, नाट्यगृहाच्या गार काळोखात, त्र्यंबकची रात्र उगवत होती.

ती नीलकृष्ण, अथांग, तारकागर्भ रात्र त्याने मांजरपाटावर रंगवली होती. दाभणाने एकेका नक्षत्राची छिद्रे पाडली, मागे दिव्यांच्या पेट्या मांडल्या, पेट्यांना झडपा बसवल्या आणि झडपांच्या दोऱ्या स्वतःच्या हाताशी घेतल्या. दोरी ओढली की तारे उमलत. देवाने आकाश केले तेव्हा त्याच्या सोबतीला कोणी होते की नाही, कोण जाणे. त्र्यंबकच्या सोबतीला यमुना होती. तो मागे उजेड सांभाळायचा, ती पुढे गायची. दोघांचा सगळा संसार त्या एका कापडाच्या अलीकडे-पलीकडे झाला होता.

शेवटच्या अंकात विरहव्याकुळ राणी गच्चीवर उभी राही, एकेका नक्षत्राला हाक मारी आणि माझा राजा कुठे दिसला का, असे विचारी. त्या हाकेवर नक्षत्र उगवे. आधी स्वर, मग तारा, हा नियम यमुनेचा. "मी हाक मारल्याशिवाय कुणी उगवायचं नाही," असे तिने नव्या नवरीच्या तोऱ्यात बजावले होते. त्र्यंबकने तो नियम कधी मोडला नव्हता.

पण अलीकडे यमुना विसरू लागली होती. आमटीत दोनदा मीठ पडे, त्याचे काही नाही. आता गाण्यातले शब्द निसटू लागले होते. नाटक मंडळीच्या मालकांनी मान खाली घालून सांगितले होते की आज अडलात, तर उद्यापासून राणी शालिनी करील. ती कोवळ्या गळ्याची मुलगी यमुनेच्याच हाताखाली शिकलेली. विंगेत उभी राहून ती डोळे पुसत होती.

"अहो," चेहऱ्याला रंग लावताना यमुना म्हणाली, "आज शब्द जवळ नाहीत. कुठं गेलेत, कळत नाही."

"येतील," त्र्यंबक म्हणाला. त्याला फार भीती वाटत होती.

कृत्तिका उगवल्या. रोहिणी उगवली. आणि यमुना थांबली.

पायपेटी तोच सूर घोळवत राहिली. हात उंचावून, मुख वळवून, यमुना रिकाम्या निळाईकडे पाहत होती. छिद्रातून त्र्यंबकला तिचे ओठ दिसले. ते हलत होते, आणि त्यांतून काही येत नव्हते.

त्याने दोरी ओढली. हाकेविना मृग उगवला.

"मृगा," यमुना गायली, आणि तिचा अश्रुभिजला, सोनसावळा स्वर थेट छताला भिडला. मग आर्द्रा, मग पुनर्वसू. तारा पुढे, स्वर मागे. घाईत त्र्यंबकने भलतीच दोरी ओढली आणि स्वाती अवेळी उगवली, तर यमुनेने तिलाही राजाची खुशाली विचारली. आकाश चुकले, पण सूर चुकला नाही. टाळ्या थांबता थांबेनात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मालकही होते.

पडदा पडल्यावर ती मागे आली आणि एका पेटीवर टेकली.

"आज तुम्ही आधी उगवलात."

"हाक ऐकू आली."

"मी मारलीच नव्हती," ती म्हणाली. मग तिने शालिनीला जवळ बोलावले, आपला मुकुट काढला आणि तिच्या केसांत नीट बसवला. "घाई करू नकोस गं. आकाश आम्ही सांभाळतो."

दुसऱ्या दिवशीही ऊन तसेच होते, आणि आत तशीच रात्र. पडद्यामागे त्र्यंबकला खेटून यमुना बसली होती, दोऱ्या तिच्या हातात होत्या. आता तिला काही आठवायचे नव्हते, फक्त ऐकायचे होते. पलीकडून कोवळी हाक आली. यमुनेने ती डोळे मिटून पुरती ऐकली, आणि मग हलकेच दोरी ओढली.

रोहिणी उगवली. तिचा बराचसा उजेड लोकांकडे गेला. थोडा अलीकडे राहिला, दोघांच्या हातांवर.