खंडेनवमीचं तेल

बंद पडलेली वस्तू आपण आधी हलवून बघतो, मग थापटतो, आणि तरीही चालली नाही की ‘गेली’ म्हणून मोकळे होतो. आत नेमकं काय झालंय, हे उघडून बघणारी घरं थोडी. माजलगावच्या मृत्युंजयच्या घरातही हेच होणार होतं.

मृत्युंजयचं मिक्सर-पंख्यांचं दुकान आहे. दसऱ्यासाठी त्यानं ‘जुनं द्या, नवं न्या’ ही योजना लावली आणि दारात मांडायला पहिली जुनी वस्तू निवडली ती आईचा मिक्सर. हा नेहमीचा, भांडं लावायचा मिक्सर नव्हे. ओतीव लोखंडाचा खांब, त्यावर पुढे झुकलेलं डोकं, खाली मोठा वाडगा आणि त्यात हळूहळू फिरणारं पातं. आईच्या, म्हणजे शिवकांताबाईंच्या, वडिलांनी तो हैदराबादच्या एका बंद झालेल्या बेकरीतून आणला होता. त्यावर तूप-साखर फेसून शिवकांताबाई दर दिवाळीला नानखटाई करत, आणि शेजारची सायरा ईदलाही तीच मागून नेई.

यंदा यंत्र नुसतंच घुमायचं, फिरायचं नाही. मोडून जुळलेल्या मनगटानं बाईंना हातानं फेसणं होत नव्हतं. साध्या मिक्सरात तूप तापून पातळ होई आणि नानखटाई भट्टीत पसरे. शेवटी यंदा नानखटाई होणार नाही, असं त्यांनी सायराला सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्यांचं स्वयंपाकघरात मन लागेना.

यंत्र दुकानात न्यायला टेम्पो सकाळी येणार होता. मृत्युंजयची बायको रुद्राणी भौतिकशास्त्राची पदवीधर. ती म्हणाली, आधी एकदा उघडून बघते.

“डिग्री कशाची हाय तुझी, गॅरेजची?” मृत्युंजय हसला.

“उघडू दे की तिला,” शिवकांताबाई म्हणाल्या. “तू तर त्याला मेलेला म्हनतूस. मेलेल्याला ती अजून काय मारनार हाय?”

रुद्राणीनं वायर काढली. निघालेला प्रत्येक स्क्रू ती वेगळ्या वाटीत ठेवत गेली. डोक्याचं झाकण उचललं, तर दातेरी चाकांवर तपकिरी, लाखेसारखा कडक थर! वास खवट तेलाचा होता.

तेल कुणी घातलं, असं तिनं विचारलं. मृत्युंजयनं अभिमानानं सांगितलं, मीच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की यंत्राला हळदकुंकू लावायचं आणि वरच्या छिद्रातून चमचाभर करडईचं तेल सोडायचं, ही आजोबांपासूनची रीत. एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

“तेच तर झालं,” रुद्राणी म्हणाली. “करडईच्या तेलाला पातळ थरात हवा लागली की ते वार्निशासारखं वाळतं. यंत्र मेलं न्हाई, चिकटलंय. तुमी त्याची लई मनापासून पूजा केली, पन त्याला काय पाहिजे ते कवा बघितलं न्हाई.”

तिनं मृत्युंजयला जवळ बोलावून एक पितळी चाक दाखवलं. बाकीची पोलादी, हे एकच मऊ. पातं अडकलं तर आधी हे झिजावं आणि मोटार वाचावी, म्हणून बनवणाऱ्यानं ते मुद्दाम मऊ ठेवलं होतं. ते अजून जवळजवळ नव्यासारखं होतं.

“पुढं कुनीतरी उघडून दुरुस्त करंल, असं धरूनच बनवलंय त्यानं हे,” ती म्हणाली. “आन आपन न उघडताच टाकायला निघालो.”

मृत्युंजय दाराकडे गेला आणि टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाला. परत येऊन त्यानं बाह्या सारल्या. रॉकेलात भिजवून, लाकडी काडीनं खरवडून दोघांनी सगळी चाकं मोकळी केली, यंत्राचं ग्रीस भरलं, मोटारीला वीज पोचवणारे झिजलेले कार्बनचे ठोकळे बदलले. रुद्राणीनं बटण दाबलं तेव्हा शिवकांताबाई दोन पावलं मागे सरकल्या.

पातं फिरलं. संथ, एका लयीत.

बाईंनी वाडग्यात तूप-साखर घातली आणि मिश्रण पांढरंशुभ्र होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सायराला हाक मारा. तिला सांगायचं हाय, होनार म्हनून.”

दसऱ्याला मृत्युंजयच्या दुकानात नव्या मिक्सरांशेजारी एक टेबल आलं. जुनी वस्तू घेऊन येणाऱ्याला तो आधी विचारतो, उघडून बघू का? बऱ्याच वस्तू मालकाबरोबर घरी परत जातात.

मित्रहो, वस्तूला हात जोडणं चांगलंच. पण तिला खरा मान मिळतो तो तिची निगा राखण्यानं, आणि निगा राखायची तर ती आतून कशी आहे हे माहीत हवं. ‘गेली’ म्हणण्याआधी एकदा झाकण उघडा.