समुद्राकडे जाणारी थरथर

मित्रांनो, आमच्या चिलोए बेटावर धुके उतरले की आधी आवाज पोचतो, वस्तू मागाहून दिसते. माझेही तसेच आहे. टेकडी चढून येणाऱ्याला आधी माझी संथ टुकटुक ऐकू येते, मग धुक्यातून फळ्यांचे एक घर हळूहळू उमटते. त्या घराच्या दिव्यांना आणि विहिरीवरच्या पंपाला वीज पुरवणारे मी एक वयस्कर डिझेल इंजिन. मला सिलिंडर एकच, दोन्ही अंगांना दोन जड चाके आणि डोक्यावर पाण्याची टाकी.

माझा जन्म दूर कुठे तरी, वाळूच्या साच्यात झाला. त्या वेळचे मला काही आठवत नाही, फक्त खूप उजेड आठवतो. पुढे मी एका लाकूडगिरणीत करवत फिरवली. लोक म्हणत, याच्यासारखे दमदार इंजिन या बेटांवर दुसरे नाही. मग गिरणी बंद पडली आणि तेच लोक माझ्यावर ओली पोती वाळत घालू लागले. माझ्या चाकाच्या आऱ्यांत एका कोंबडीने संसार मांडला. मी गंजत होतो आणि स्वप्ने पाहत होतो. स्वप्नात मी फिरत असे, पण काहीच कापत नसे.

आब्दोन नाव्हेलकिनने मला तिथून उचलले. तो होड्या बांधणारा सुतार. त्याने मला नावेत घालून घरी आणले आणि लुमाच्या लाकडाच्या दोन तुळयांवर बसवले. लुमाचे लाकूड इतके टणक असते की खिळाही त्यात नाखुशीनेच शिरतो.

"सिमेंट ओत आणि गाड त्याला," शेजारचा एरिबेर्तो कुंपणावर रेलून म्हणाला. "नाहीतर एखाद्या रविवारी हे चालत चालत तुझ्या आधी चर्चमध्ये जाऊन बसेल."

"बसू दे की. आमच्या घरातलं कुणीतरी वेळेवर पोचेल," आब्दोन म्हणाला. मग तुळईवर हात फिरवत बोलला, "आपल्याकडे घरं जागा बदलतात, एरिबेर्तो. याला गाडलं तर घर पुढे जाईल आणि हे एकटं मागे राहील."

मित्रांनो, सिमेंट थरथर लपवते. लाकूड काहीच लपवत नाही. पहिल्या दिवशी मी असा उसळलो की स्वयंपाकघरातल्या बशा वाजू लागल्या. आब्दोनने एरिबेर्तोच्या जाळ्याची शिशाची वजने मागून आणली. ती मण्यांसारखी, मधोमध भोक असलेली. एका बोल्टमध्ये ओवून त्याने ती माझ्या चाकांवर, दट्ट्याच्या ओढीच्या उलट बाजूला बसवली. मग भोपळ्याच्या पेल्यात कडू चहा भरून तो माझ्या टाकीच्या काठावर ठेवला आणि लहानग्या नेल्दाला, आपल्या मुलीला, तुळईवर तळवा टेकायला सांगितले.

"सांग, कुठे जातंय?"

"वर."

एक वजन वाढले. "आता?"

"आता मागेपुढे जातंय, बाबा. थांबत का नाही?"

"एका सिलिंडरचं इंजिन पुरतं कधीच थांबत नसतं, बाळ. त्याची थरथर कुठे पाठवायची, एवढंच आपल्या हातात. आपण ती समुद्राकडे पाठवू. समुद्राला तिचं काही वाटत नाही."

त्याने तुळया जरा वळवल्या. थोडी थरथर मी वर ठेवली, उरलेली समुद्राकडे सोडली. चहा सांडला नाही. त्यानंतरची वर्षे एका लांब दुपारसारखी गेली. नेल्दा मोठी झाली आणि शहरात नोकरीला गेली. आब्दोन रोज माझे तेल बघत असे आणि जाता जाता टाकीवर एक थाप मारत असे. त्याची बायको सुलेमा माझ्या टुकटुकीवर दुपारची डुलकी काढत असे.

मग एका हिवाळ्यात ती थाप आली नाही. आब्दोन गेल्यावरच्या प्रार्थनेच्या नऊही संध्याकाळी मी दिवे तेवत ठेवले. डिझेल संपले, आणि नंतर ते कुणी भरले नाही. सुलेमाची डुलकीही तेव्हापासून गेली.

समुद्र किनारा खात घराजवळ येत होता. नेल्दा शहरातून आली. आईला म्हणाली, "घर वर, चर्चजवळ हलवू. तिथे दिवे आणि पाणी नीट चाललं, तर तू तुझ्या घरात राहा. नाही चाललं, तर माझ्याकडे यायचं. तिसरं काही नाही."

"बरं," सुलेमा म्हणाली. पण तिने पिशवी भरली नाही.

आमच्याकडे अशा कामाला मिंगा म्हणतात. सगळे गाव येते, घराखाली ओंडके घालून ते बैलांकरवी ओढून नेते आणि घरधनी सर्वांना पोटभर जेवू घालतो. घर धुक्यातून डुलत, कुरकुरत टेकडी चढले. खिडक्यांचे पडदे तसेच हलत होते. मागून मी माझ्या तुळयांवरच निघालो. चढावर वजन कमी व्हावे म्हणून एरिबेर्तोने माझी चाके उतरवली होती.

वर पोचल्यावर चाके चढवली, तुळया पूर्वीसारख्याच समुद्राकडे वळवल्या. नेल्दाने हँडल फिरवले. मी मोठ्या आनंदाने जागा झालो आणि उसळलो. कपाटातली बशी खाली येऊन फुटली. नेल्दाने मला घाईने बंद केले.

"म्हातारं झालंय," ती हळूच म्हणाली. "आई, पिशवी भर."

सुलेमा बशीचे तुकडे गोळा करत राहिली. एरिबेर्तो हातातला बटाटा खाली ठेवून घसा खाकरू लागला.

"नेल्दा, त्याच्या चाकात माझं शिसं होतं."

"कसलं शिसं?"

"जाळ्याचं. तुझ्या बापाने नेलं आणि परत दिलंच नाही. माझी सुरीची खूण होती त्यावर. म्हटलं, आता गेलेल्या माणसाकडे काय मागायचं? गुपचूप घेतलं आणि जाळ्यात ओवलं."

"आणि आता ते कुठे आहे?"

"समुद्रात. मासे धरतंय."

सुलेमा प्रथमच हसली. "तीस वर्षं डोळा होता रे तुझा त्या शिशावर."

"उसनं ते उसनं, वहिनी."

ओहोटीला जाळे ओढून आणले. सगळ्या वजनांवर तीच खूण होती. त्यातली आब्दोनच्या हातची कोणती, हे कुणालाच सांगता येईना. नेल्दा ओंजळभर वजने घेऊन माझ्याजवळ बसली. टाकीच्या काठावर चहाचा पेला ठेवला, मला पुन्हा सुरू केले आणि तुळईवर तळवा टेकला.

"वर जातंय," ती स्वतःशीच म्हणाली. एक वजन वाढवले, मग आणखी एक. "आता मागेपुढे." एक काढले. पुन्हा तळवा टेकला आणि तिने डोळे मिटले. माझी थरथर तिच्या तळव्याखालून समुद्राकडे निघाली होती. बराच वेळ तिने हात उचलला नाही.

"काका, हे शिसं आता परत मिळणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," एरिबेर्तो म्हणाला.

आतून काहीच आवाज येईना, म्हणून नेल्दाने दारातून डोकावले. सुलेमा खुर्चीतच झोपली होती, फुटक्या बशीचे तुकडे मांडीवर तसेच घेऊन. पिशवी खिळ्याला रिकामी लटकत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र असेल. त्याला तेलपाणी द्या, त्याच्यावर ओली पोती टाकू नका. आणि त्याच्या अंगावर कुणी काही बसवलेले दिसले, तर काढण्याआधी एकदा ते सुरू करा आणि तळवा टेकून बघा.

नेल्दा बोटीला निघाली, तेव्हा जाता जाता तिने माझ्या टाकीवर एक थाप मारली. काठावरच्या पेल्यातला चहा किंचित शहारला, समुद्राच्या दिशेने. सांडला मात्र नाही.