पासष्टावा खडा

"डब्यात काय टाकतीयास गं?" मेंढरं आत घेता घेता गुंडानं विचारलं.

"खडं," मायाक्का म्हणाली. तिनं मान वर केली नाही. कुंपणाच्या अरुंद तोंडातून एक मेंढी आत शिरली, की ती समोरच्या ढिगातला एक खडा उचलून पत्र्याच्या डब्यात टाकत होती.

"मेंढरं मोजतीयास व्हय?" गुंडाचा आवाज चढला. "किती डाव सांगितलंय तुला?"

"मेंढरं कुठं मोजतीया? मी खडं मोजतीया."

गुंडाच्या घराण्यात मेंढरं मोजायची नसत. आकडा तोंडातून बाहेर पडला की कळपाला नजर लागते, हे त्याच्या आज्यानं बापाला आणि बापानं त्याला सांगितलेलं. मेंढरं ओळखायची असतात. संध्याकाळी दारात उभं राहायचं, आत जाणारं एकेक तोंड बघायचं. शेवटचं मेंढरू आत गेलं की कोण आलं नाही ते आपोआप कळतं. जतच्या त्या कोरड्या माळावर गुंडाचं नाव होतं ते यासाठीच. दुसऱ्याच्या कळपात मिसळलेली आपली मेंढी तो लांबून नुसत्या चालीवरून ओळखायचा. पण खडे मोजू नयेत असं काही त्याच्या आज्यानं सांगून ठेवलेलं नव्हतं. पोरगी तिसरीत होती आणि बापाला गप्प करायला शिकली होती.

हा सगळा उद्योग भरतेश गुरुजींचा. पलूसकडचा हा तरुण मास्तर वस्तीवरच्या शाळेत आल्यापासून त्यानं आईबापांच्या मागे लकडा लावला होता. रोज संध्याकाळी अर्धा तास पोरांना घेऊन बसायचं, गणित करून घ्यायचं, विज्ञानातलं काहीबाही घरात बघायला लावायचं. "मला एक अक्षर येत न्हाई गुरुजी, मी बसून काय करू?" असं गुंडानं विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "शिकवू नका. नुसतं शेजारी बसा. उत्तर आलं की एवढंच विचारा, कसं काढलंस?"

तेव्हापासून गुंडा बसत होता. घोंगडं अंथरून, फेटा नीट करून, पंचांच्या बैठकीला बसावं तसा. मायाक्का चिंचोके मांडायची, काड्या जुळवायची, आणि उत्तर आलं की गुंडा घसा खाकरून विचारायचा, "कसं काढलंस?" ती सांगायची. निम्मं त्याच्या डोक्यावरून जायचं. पण अठ्ठाविसात सात मिळवताना पोरगी आधी साताचे तुकडे करते, दोन देऊन तीस पुरे करते आणि मग उरलेले पाच जोडते, हे एके दिवशी त्याला लख्ख कळलं. जेवताना त्यानं बायकोला ते तीनदा सांगितलं.

"आगं, तिनं आधी साताचं तुकडं केलं!"

"केलं असतील," हरणाबाई म्हणाली. "भाकरी खावा."

गुंडाला मात्र ते पचवायला वेळ लागला. एवढ्याशा डोक्यात हे येतं कुठून, असं त्याला वाटत राहिलं. रात्रंदिवस आपल्याच घरात वावरणारी ही पोरगी भलत्याच कुठल्या तरी मुलखात जाऊन येते आणि आपण तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघतो, याची त्याला गंमत वाटायची.

एक गोष्ट मात्र तो कुणालाच सांगत नव्हता. दरसाल पलूसकडे उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जायचं, ते त्यानं गेल्या हंगामापासून बंद केलं होतं. पोरीची शाळा बुडते, असं कारण सांगायचा. खरं म्हणजे त्याला मेंढरांची तोंडं दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आलं होतं आणि दर महिन्याला ते दाट होत होतं. चालीवरून, खोकण्यावरून जेवढं ओळखू येईल तेवढं ओळखायचं आणि बाकीचं धरून चालायचं, असं त्यानं वर्षभर रेटलं होतं. मेंढरू न ओळखणारा धनगर कसला? हे माणसांना कळलं तर आपण माळावर तोंड कसं दाखवायचं?

शेवटचं मेंढरू आत गेलं तसं गुंडानं काट्यांची फांदी ओढून दार लावलं. "समदी आली," तो नेहमीप्रमाणे म्हणाला.

"न्हाई आण्णा. एक कमी हाय."

"आलीत म्हणतोय न्हवं? मी बघितलंय."

"मग ह्यो खडा कसा उरला?"

गुंडाला राग आला. चाळीस वर्षांत कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. पोरीला उघडं पाडायचं म्हणून त्यानं दरडावून विचारलं, "कसं काढलंस?"

"काल एक मेंढी, एक खडा, असं केलं. सहा धाचं गठ्ठं झालं आन् वर पाच. पासष्ट. परवा बी पासष्टच. आज त्येच खडं घिऊन बसली. मेंढी आत, खडा डब्यात. ह्यो उरला. ह्याची मेंढी भाईर हाय."

तिनं खडा त्याच्या तळहातावर ठेवला. साधा, माळावरचा खडा. गुंडानं मूठ मिटली. या खड्याला डोळा नाही, नाक नाही, जन्मात त्यानं मेंढरू राखलेलं नाही. तरी आपल्याला जे कळलं नाही ते याला कळलं.

"कोण आलं न्हाई, ते कळतंय का तुझ्या खड्याला?" त्यानं हळूच विचारलं.

"त्ये कसं कळंल? त्ये तुमी सांगायचं."

गुंडा आत गेला. वाकून एकेका मेंढराच्या तोंडावरून, कानांवरून हात फिरवत चालला. बराच वेळ लागला. मायाक्का दारात उभी राहून बघत होती आणि आण्णा रोजच्यासारखं लांबून का सांगत नाहीत, याचा विचार करत होती.

"कानतुटकी न्हाई," तो बाहेर येत म्हणाला. "व्यायला आलीया ती. कुठंतरी बसली आसंल."

आठवड्यापूर्वीच पलीकडच्या वस्तीवर लांडग्यानं दोन कोकरं नेली होती. दोघं तसेच निघाले. सूर्य बुडाला होता, पण माळावर अजून उजेड होता. ओढ्याच्या अंगाला मायाक्का एकदम ओरडली, "ती बघा! तरवडाच्या झुडपाखाली!"

"व्हय व्हय, दिसली," गुंडा म्हणाला आणि भलतीकडेच चालू लागला.

मायाक्का पळत त्याच्यापुढे आली. तिनं त्याला खाली बसवलं, हनुवटी धरून त्याचं तोंड वळवलं आणि वळवता वळवता त्याच्या डोळ्यांत बघतच राहिली.

"गुरुजींनी घरातल्यांच्या डोळ्यातली बाहुली बघून या म्हणून सांगितलं हुतं. तवा तुमी उठून गेलासा."

"व्हय."

"दूध सांडल्यागत पांढरं दिसतंय आण्णा. किती दिसतंय तुमास्नी?"

"उजेड दिसतोय. तू दिसतीयास." गुंडा थांबला. "तोंड न्हाई दिसत."

मायाक्कानं त्याची हनुवटी सोडली नाही. "मिरजंला ह्ये काढत्यात. गुरुजींच्या आईचं काढलंय. आईला सांगू?"

"मी सांगतो," गुंडा म्हणाला. वर्षभर जे तोंडातून निघत नव्हतं, ते इतक्या सहज निघालं.

कानतुटकी व्याली होती. कोकरू ओलं, थरथरत पडलेलं. गुंडानं गुडघे टेकले. त्याच्या बोटांनी कोकराचं नाक मोकळं केलं, तोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, आणि कोकरू बेंऽऽ करून ओरडलं. हे सगळं त्यानं आभाळाकडे तोंड करून केलं. मायाक्का त्याच्या हातांकडे डोळे विस्फारून बघत होती.

"आता सहासष्ट," ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

कोकरू घोंगड्यात घेऊन गुंडा उठला. कानतुटकी मागोमाग चालू लागली. मायाक्का पुढे झाली. थोडं चालून ती थांबली, मागे वळली, बापाच्या पायांकडे आणि मग आपल्या पायांकडे बघून तिनं काहीतरी हिशेब केला.

"आण्णा, म्होरं दगूड हाय. माजी आठ पावलं, म्हंजी तुमची पाच."

या वाटेनं गुंडा लहानपणापासून ये-जा करत आला होता. इथला खड्डा न् खड्डा त्याच्या तळपायांना पाठ होता. तरी त्यानं मान डोलावली आणि मनातल्या मनात मोजत निघाला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला त्यानं पाय उचलला. दगड तिथंच होता.