आप्पांचे तुटके खांब

आप्पांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला, आणि निवृत्तीनंतरही त्यांना बसच हवी होती. म्हणून मुलाने कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ आणून दिला, टेबलाला स्टीअरिंग आवळून दिलं आणि परवा-परवा तर नवंकोरं ग्राफिक्स कार्डही बसवलं. कार्ड विटेएवढं जाड, वर तीन पंखे. मुलगा त्याच्याकडे इतक्या कौतुकाने बघायचा, की सुनेने एकदा विचारलंच, "याला रात्री पांघरूण घालू का?"

कार्ड आलं आणि आप्पांना भलतंच दिसू लागलं. वळण घेताना रस्त्याकडेचे दिव्याचे खांब मधोमध तुटलेले दिसायचे. वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. बस थांबवली की खांब पुन्हा साधासरळ. आप्पांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा, खांब तुटकाच. खिडकीचे गज सरळ दिसत होते, पण गज कुठे पळतात? डेपोतली जुनी मंडळी म्हणायची, चालकाची नजर आधी वेगात दगा देते. तेवढ्यावर आप्पांनी निदान पक्कं केलं: आपले डोळे चालले.

सांगणार कुणाला? नातीला गाडीने पोहण्याच्या क्लासला सोडणं एवढंच खरंखुरं ड्रायव्हिंग त्यांच्या वाट्याला उरलं होतं. ते गेलं की मग सोफा आणि रिमोट. आप्पा काही दिवस तिला सोडतच राहिले. पण मागच्या सीटवर पोर बसते, तिथे हौस चालत नाही. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं.

"सोमवारपासून तिला तू सोडत जा," ते मुलाला म्हणाले.

"का हो? कंटाळलात?"

"हो. कंटाळलो."

मुलाला वाटलं, आप्पांचं मन हल्ली कशातच रमत नाही. उपाय त्याच्या हाताशीच होता. त्याने खेळाची सगळी बटणं वर सरकवली आणि आप्पांना ओढून खुर्चीत बसवलं. "आता बघा. सेकंदाला दोनशे चित्रं. आहे कुणाकडे?" त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर खिळलेली. रस्ता त्याने पाहिलाच नाही.

आप्पांनी नाइलाजाने बस काढली. पहिल्याच वळणावर खांब तुटला. चहा घेऊन आलेली सून मागे थबकली.

"हा खांब मधेच कापल्यासारखा का दिसतोय?"

आप्पांचा पाय ब्रेकवर गेला. "तुला दिसतोय?"

"चांगले दोन तुकडे दिसतायत."

"चष्मा लावून की काढून?"

"आप्पा, मला चष्मा कुठेय?"

मुलाने मान खाजवली. "अहो, हा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड दोनशे काढतं. एक चित्र पुरतं उतरायच्या आत पुढचं येऊन धडकतं. मग वर जुनं, खाली नवं. त्यावर व्ही-सिंक म्हणून बटण असतं, पण त्याने आकडा खाली येतो, म्हणून मीच बंद ठेवलं होतं."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सून म्हणाली. तिचा रोख कार्डावर होता की नवऱ्यावर, ते तिने सांगितलं नाही.

"म्हणजे लोक चढायच्या आत गाडी सोडायची," आप्पा म्हणाले. "अर्धे आत, अर्धे फुटपाथवर. असला चालक मी एक दिवस ठेवला नसता. लाव ते बटण."

मुलाने ते लावलं. आकडा साठावर आला आणि त्याचं तोंडही उतरलं. आप्पांनी तेच वळण पुन्हा घेतलं. खांब बुंध्यापासून दिव्यापर्यंत अखंड. पुढचाही. त्याच्या पुढचाही. त्यांनी अख्खी फेरी पुरी केली आणि मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"मला वाटलं होतं, डोळे गेले माझे," ते म्हणाले. "फार घाबरलो होतो रे."

मुलगा जवळच्या स्टुलावर बसला. "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर गाडीची किल्ली काढून घेतली असतीस."

मुलाने थोडा विचार केला. "घेतली असती," तो म्हणाला.

आप्पांना ते उत्तर आवडलं. "सोमवारी आधी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. काही निघालं, तर किल्ली मी आपणहून देईन. तू मागायची नाहीस."

"नाही मागणार."

"आणि नाही निघालं, तर पोरीला मीच सोडणार."

सुनेने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. तो गार झाला होता, तरी आप्पांनी तो मिटक्या मारत संपवला.