दुसरी मूठ

समाजमंदिर झाडायला आलेल्या सोमारीनं बियाच्या पोत्यात हात घातला, मूठभर काढलं आणि पदराला गाठ मारली. आशाबाईंनी दाराआडून पाहिलं. आठ दिवसांतली ही दुसरी मूठ.

समाजमंदिराची किल्ली आशाबाईंकडे होती. गावात त्यांच्याइतकं विश्वासाचं माणूस नाही, असं सगळे म्हणत. महादेवाला पाणी घातल्याशिवाय त्या घास घेत नसत, आणि कोणाचं वाईट बोलायचं नाही हाही त्यांचा नेम होता. बोलायचं नाही, एवढंच. मनाला कुठं नेम असतो?

चैतात वणव्यानं जंगलालगतचं सारं कुरण खाल्लं. चितळांना काडी उरली नाही, तशी ती आशाबाईंच्या उन्हाळी धानात उतरली आणि दोन दिवसांत बांधीतलं पीक साफ करून गेली. म्हणून कुरणात गवत पेरायचं ठरलं. बाहेरून बी आणलं ते गुणवंतरावांनी, आशाबाईंच्या मालकांनी. वनसमितीचे अध्यक्ष तेच. गवत उगवलं तर चितळं तिकडे राहणार. नाही उगवलं, तर पावसाळी धानही गेलं म्हणून समजा.

आणि ही मुठी मुठी नेत होती. करणी-बिरणी? आशाबाईंनी मन ओढून आणलं, ते पुन्हा गेलं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला कोण पेटवतं? सोमारीच्या टोल्यावरचे, त्या जंगलाकडच्या वस्तीतलेच ना. आधी जाळायचं, मग उगवूही द्यायचं नाही.

त्या अंतर ठेवून मागोमाग निघाल्या. टोल्याबाहेर ऐनाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता. सोमारी तिथं बसली.

"या बाई," ती वळून न पाहता म्हणाली. "दाराआड उभ्या राहून पाय दुखले असन."

आशाबाई ओशाळल्या, पण विचारलंच. "बी काऊन नेऊन राह्यली?"

"आमचा पंडुम हाय, बियाचा सण. या मायले दाखवल्याबिगर आमी कोनतंच बी जमिनीत टाकत नाई. सायबाचं असो नाईतर अध्यक्षाचं."

दगडापुढे मातीनं भरलेले दोन द्रोण होते. एकात हिरवी लव आली होती. दुसऱ्यात नुसती माती.

"हे म्या हिवाळ्यात कुरणातून झोडलं होतं. अन् हे तुमच्या पोत्यातलं. म्हनलं, माह्याच हाताचा दोष असन. म्हनून आज दुसरी मूठ आनली."

"पानी कमी पडलं असन."

"एकाच लोट्यातलं हाय, बाई."

आशाबाईंनी माती उकरून एक दाणा चिमटीत धरला. दाबताच त्याचा भुसा झाला. आत काहीच नव्हतं.

सोमारी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत होती. "मले वाटलं, तुमाले ठाऊक असन. किल्ली तुमच्यापाशी."

इतके दिवस आपल्यावरही कोणाची नजर होती, हे आशाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी समाजमंदिरापुढे ट्रॅक्टर लागला. पेरायला बाया जमल्या, त्यांत सोमारीही होती. गुणवंतराव आत आले तर आशाबाई पोत्यांवर बसलेल्या.

"उठ वं, उशीर होऊन राह्यला."

"हे बी नाई पेराचं."

त्यांचा आवाज इतका हळू की ट्रॅक्टरच्या धडधडीत विरून गेला. गुणवंतरावांनी कानाला हात लावला. बाहेर ट्रॅक्टरवरच्या चैतूनं इंजिन बंद केलं.

"हे बी नाई पेराचं, म्हनलं."

आता हे काऊन म्हणून विचारतील, आशाबाईंना वाटलं. उत्तर तयार होतं. आठ दिवस, दोन द्रोण, एकच लोटा. बी विकणाऱ्यानं यांना फसवलं असेल. हे चिडतील, त्याला शिव्या देतील. त्या वाट पाहत राहिल्या.

गुणवंतरावांनी पोत्यांकडे पाहिलं, मग दारातल्या बायांकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "कोनं सांगतलं तुले?"

काऊन नाही, कोनं. आशाबाई बघत राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडाकडे आपण असं कधी पाहिलं नव्हतं.

त्या उठल्या नाहीत. "चैतूभाऊ, ट्रॅक्टर ने वापस," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळून, "सोमारी, टोल्यावर झोडलेलं बी किती असन?"

"दोन टोपल्या. सारं कुरण नाई झाकनार, बाई."

"जेवढं झाकन तेवढं झाकू. आन."