आधीच लागू

धाकट्याला नोकरीत कायम केलं नाही. पण ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही असं आपण धरून चालू, कारण आत्ता तो टेबलावर दोन्ही कोपरं रोवून एंटर दाबतो आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क आशा आहे.

दुपारी समिती बसणार होती. प्रोग्रॅमच्या मुख्य शाखेत, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सामाईक प्रतीत, उमेदवाराच्या नावावर निदान एक तरी बदल आहे का, एवढंच ती बघायची. धाकट्याने वर्षभर दवाखान्यात रांगेचे नंबर पुकारणारा प्रोग्रॅम सुधारला होता, पण सगळा स्वतःच्या शाखेत, म्हणजे आपल्यापुरत्या वेगळ्या प्रतीत. मुख्य शाखेत हात घालायची परवानगी त्याला आजच मिळाली होती. आता आपले बदल मुख्य शाखेच्या ताज्या टोकावर एकेक करून चढवायचे, म्हणजे रिबेस करायचा, की गंगेत घोडं न्हालं.

‘हा बदल आधीच लागू आहे. वगळला,’ स्क्रीन म्हणाली.

मग पुढचाही. त्याच्या पुढचाही.

‘‘चेहरा का पाडलायस?’’ शेजारच्या टेस्टरने विचारलं. त्याला ऑफिसात शंकासुर म्हणत.

‘‘माझं काम वगळतंय.’’

‘‘उडालं?’’

‘‘नाही. आधीच झालंय म्हणतंय.’’

‘‘नशीबवान आहेस. आमचं कधीच आधी झालेलं नसतं.’’

धाकटा उठून टीम लीडच्या केबिनीत गेला. टीम लीड त्याची सख्खी थोरली बहीण होती. ऑफिसात तिला मॅडम म्हणायचं ठरलं होतं.

‘‘ताई. मॅडम. माझे सगळे बदल तुमच्या नावाने आत आहेत.’’

‘‘अरे, तू तापाने फणफणला होतास,’’ ती म्हणाली. ‘‘तिकडे दवाखान्यात एकाच म्हाताऱ्याला दिवसभर आत बोलावत होतं. तूच फोनवर म्हणालास, उचल आणि टाक.’’

‘‘उचललं असतंस तर सोबत माझं नाव आलं असतं ना?’’

‘‘तुझं नाव दिसलं की सर्व्हर दार लावून घ्यायचा. मग मी हाताने उतरवून घेतलं. एकेक बदल वेगळा, अगदी तुझ्यासारखा.’’ तिचा आवाज जरा अभिमानाने चढला. ‘‘एक स्पेससुद्धा इकडची तिकडे होऊ दिली नाही.’’

धाकट्याने मान हलवली. ती लहानपणापासून अशीच नीटनेटकी. जरा गबाळी असती, तर मशीनला दोन्ही कामं वेगळी वाटली असती.

‘‘समितीला सांगशील?’’

‘‘सांगेन की. पण सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर ते काय म्हणतील, तूच सांग.’’

तिने टेबलावरचा स्टेपलर सरळ केला, मग पुन्हा तिरका केला.

तो जागेवर परतला तेव्हा रिबेस शेवटच्या बदलावर अडकून उभा होता. वगळला नव्हता. इथे दोन्हींत फरक आहे, कुठलं ठेवू, असं मशीन विचारत होतं. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. तो पुढे वाकून वाचू लागला.

त्याने लिहिलं होतं: पुकारल्यावर जो हजर नाही, त्याचा नंबर रद्द. ताईने तेवढी एकच ओळ बदलली होती: जो हजर नाही, त्याला शेवटी पुन्हा पुकारा.

‘‘तुझीच ठेव,’’ शंकासुर मागून म्हणाला. ‘‘नाव तरी लागेल.’’

‘‘एखादा पेशंट बाथरूमला गेला की त्याचा नंबर कायमचा जाईल.’’

‘‘मग जाऊ नये माणसाने.’’

धाकटा हसला नाही. त्याने चष्मा शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आपली ओळ पुन्हा वाचली. ती चूकच होती, आणि ती एकटीच त्याची होती.

त्याने ‘वगळा’ असं टाइप केलं.

‘रिबेस यशस्वी,’ स्क्रीन म्हणाली. त्याच्या शाखेत आणि मुख्य शाखेत आता तसूभरही फरक उरला नव्हता.

समिती बसायला अजून वेळ होता. त्याने अर्ज लिहायला घेतला.

‘महोदय, दवाखान्यांतील रांग सध्या बिनचूक चालू आहे. ती तशी चालण्यात माझा हात असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही. सबब, ती एक दिवस पूर्णपणे बंद पाडण्याची लेखी परवानगी मिळावी, जेणेकरून ती मला माझ्या नावाने पुन्हा सुरू करता येईल, ही नम्र विनंती.’